थांब्यावर उरलेल्याचं तिकीट निघत नाही

माणदेशातलं एक तालुक्याचं स्टँड. संध्याकाळचे साडेपाच. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांमधून टॉवेल, टोप्या आणि एक दप्तर आत जाऊन जागा धरून बसतात. कंडक्टर चढतो, गळ्यातलं मशीन पोटावर सरकवतो आणि पुढच्या बाकापासून सुरुवात करतो.

"मास्तर, एक अर्धं आन् एक फुकट," एक बाई सांगतात. अर्धं त्यांचं, फुकट शेजारी बसलेल्या सासऱ्यांचं. कंडक्टर मान वर न करता विचारतो, "आधार?" आजोबा कोपरीच्या आतल्या खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढतात. मशीन दोनदा किरकिरतं, दोन चिठ्ठ्या बाहेर येतात. एकीवर निम्मं भाडं, दुसरीवर शून्य. आजोबा शून्याच्या चिठ्ठीची नीट घडी घालून ती आधारसोबत त्याच पिशवीत ठेवतात. पैसे पडले नाहीत म्हणून ती फेकून चालत नाही, वाटेत तपासनीस चढला तर दाखवावी लागते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण वाहतुकीत गेल्या तीन-चार वर्षांत जे घडलं, ते या दोन चिठ्ठ्यांवर जवळजवळ पूर्ण छापलेलं आहे. काय राहिलं तेवढं त्यांच्यावर नाही. ते बघायला स्टँडवरून निघून पुढच्या थांब्यांवर जावं लागतं.

आधीची अवस्था

१ जून १९४८ ला पुणे ते तेव्हाचं अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, तेव्हापासून 'रस्ता तेथे एसटी' हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की त्याचा अर्थ कुणी तपासत नाही. अर्थ बराचसा खराही होता. ३१ विभाग, अडीचशेच्या घरात आगारं, आणि कोविडआधी १८ हजारांहून जास्त गाड्यांतून रोज ६५ लाखांच्या आसपास माणसं. मग २०२० ची टाळेबंदी आली. त्यातून गाड्या जरा बाहेर पडतात तोच २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर, एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण करा या मागणीसाठी, कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू व्हायला सांगेपर्यंत चालला.

शहरातल्या माणसाला तो संप बातम्यांत दिसला. खेड्यात तो पायाला जाणवला. दोन वर्षं गाडीचा भरवसा नाही म्हटल्यावर माणसं थांबत नाहीत, दुसरी सोय बघतात. कुणी हप्त्यावर मोटारसायकल घेतली. पोरं शेजाऱ्याच्या गाडीवर तिघं बसून कॉलेजला जाऊ लागली. उरलेल्यांना वडापाने उचललं. (आमच्याकडे वडाप, मराठवाड्यात काळी-पिवळी, आणखी कुठे टमटम.) अलीकडे शहाणी मंडळी 'मागणीनुसार धावणारी वाहतूक' अशी मोठी कल्पना मांडतात, तेव्हा मला हसू येतं. वेळापत्रक नाही, भरली की सुटते, हात केला की थांबते, घराच्या वळणावर सोडते. वडाप दुसरं काय करतं? नसतं ते एवढंच: दोनच माणसं असली तरी ती सुटेल याची खात्री. आणि आठवीतल्या मुलीला तिच्या आईने निर्धास्तपणे आत बसवावं, अशी जागा.

गाड्याही जुन्या होत चालल्या होत्या. मोडीत जितक्या निघाल्या तितक्या नव्या आल्या नाहीत. २०२४ पर्यंत ताफा १५ हजारांच्या आसपास आला. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढचं सगळं त्याच्याशी अडतं.

दोन निर्णय आणि एक मशीन

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं आधीपासून होतंच. मग ९ मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात महिलांना सरसकट ५० टक्के सवलत जाहीर झाली आणि १७ मार्चपासून ती लागूही झाली. साध्या लाल गाडीपासून शिवनेरीपर्यंत सगळीकडे. वयाची अट नाही, उत्पन्नाची नाही, पास काढायचा नाही, अर्ज नाही. बाई आहे, अर्धं तिकीट.

इतक्या साध्या योजना आपल्याकडे सहसा निघत नाहीत. ज्येष्ठांच्या स्मार्ट कार्डाचं काय झालं ते आठवून बघा. म्हातारी माणसं आगारात रांगा लावून बोटांचे ठसे देत होती आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढत होती. कामाने रापलेल्या बोटांचा ठसा यंत्राला पटत नाही, हे रेशनच्या दुकानात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अर्ध्या तिकिटाला त्यातलं काही लागलं नाही. कंडक्टरने बघायचं आणि मशीनवर एक बटण दाबायचं.

मात्र ते बटण होतं म्हणूनच ही योजना चालली. सवलतीचे उरलेले पैसे सरकार एसटीला देतं, त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. ती मागायची तर कोणत्या फेरीत किती बायका कुठून कुठे गेल्या याचा हिशेब हवा. पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांच्या गड्ड्या आणि हातात टकटक वाजणारा पंच, त्या काळात हा हिशेब काढायचा तर कंडक्टरची अर्धी रात्र वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, भरण्यात गेली असती. ईटीआयएम, म्हणजे गळ्यातलं ते तिकिटाचं मशीन, प्रत्येक तिकिटाचा प्रकार, टप्पा आणि वेळ आपोआप टिपतं. शून्य रुपयांचं तिकीट छापायचं कारणही तेच. आजोबांच्या दृष्टीने ते फुकट असतं, एसटीच्या दृष्टीने ती सरकारच्या नावावरची उधारी असते.

पुढे मशीन अँड्रॉइडवर आलं आणि पडद्यावर क्यूआर दिसू लागला. त्याची खरी गरज पडली ती २५ जानेवारी २०२५ पासून, १४.९५ टक्के भाडेवाढ झाल्यावर. भाडी पाच-दहाच्या पटीत राहिली नाहीत आणि त्यांची निम्मी तर आणखीच अडनिडी. एका रुपयावरून दारात वाद. तरुण पोरं आता फोन पुढे करतात. पण स्टँड सोडून गाडी घाटाला लागली की रेंज जाते, चकरी फिरत राहते, आणि कंडक्टर म्हणतो, "राहू दे, गावात उतरताना दे." हा जो उधारीचा विश्वास आहे, तो कुठल्याच मशीनमध्ये टाकलेला नाही.

गर्दी आली, आणि?

आली, आणि भरपूर आली. महिला प्रवाशांचा रोजचा आकडा १८ ते २० लाखांच्या घरात गेला. गावोगाव एकच विनोद सुरू झाला: "तालुक्याला काम आहे? मग बायकोला पाठव, निम्म्यात होतं." विनोद म्हणून सांगायचे, पण तसं खरोखर होऊ लागलं. बँकेत, तहसीलमध्ये, कृषी दुकानात पूर्वी घरचा पुरुष जायचा. आता दोघांचं दीड तिकीट परवडतं म्हणून दोघं जातात किंवा बाई एकटी जाते. माहेरची फेरी वाढली. आठवडी बाजाराला टोपलीसोबत लेकही येऊ लागली. वडापवाल्याला निम्मं भाडं परवडणं शक्य नव्हतं, त्याच्या जीपमधल्या बायका उतरून लाल गाडीच्या रांगेत लागल्या.

शेजारच्या कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून तिथल्या साध्या गाड्यांत महिलांना पूर्ण मोफत प्रवास दिला. सीमेवरच्या गावांत दोन्हीची तुलना रोज होते. मला निम्म्याची पद्धत बरी वाटते. कंडक्टर "मागं सरका" म्हणाला, तर खिशातून दहा रुपये देणारी बाई त्याला "पैसे दिल्यात" असं म्हणू शकते. शून्याच्या तिकिटाला आवाज थोडा कमी असतो. सीमेपलीकडच्या बायका याच्याशी सहमत होतील असं नाही.

पैशांच्या बाजूनेही फरक दिसला. ऑगस्ट २०२४ मध्ये एसटीला सुमारे १७ कोटींचा नफा झाला, ३१ पैकी २० विभाग फायद्यात आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हा एका महिन्याचा उजेड होता. जून २०२५ मध्ये सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा १० हजार ३२२ कोटी आहे.

आता तो आकडा परत घ्या: गाड्या १५ हजारांच्या आसपास. कोविडआधीपेक्षा तीनेक हजारांनी कमी. सवलतीने माणसं परत आणली, पण त्यांना बसवायला आसनं वाढली नाहीत. तालुक्याच्या स्टँडवरच गाडी भरते. पहिल्या दोन-तीन थांब्यांवरची माणसं उभी राहून जातात. त्यापुढच्या फाट्यावर ड्रायव्हर हाताने मागे खूण करतो, 'मागून गाडी आहे', आणि निघून जातो. शाळा सुटल्यावर मुलींनी रस्त्यावर बसून गाडी अडवल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतात. त्या मुली काही फुकट मागत नसतात. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास मोफतच आहे. २०२४ पासून तो पास शाळेतच नेऊन देण्याची मोहीमही झाली, आगारात खेटे घालणं वाचलं. पास दप्तरात आहे, गाडी समोरून गेली.

इथे मशीनची मर्यादा उघडी पडते. त्या फेरीचं आगारात पडणारं चित्र एकदम छान असतं: आसनं भरलेली, उभे प्रवासी, उत्पन्न वर. फाट्यावर समजा अकरा मुली उरल्या, तर त्या त्यात कुठेच नाहीत. कारण मशीन तिकीट मोजतं, आणि जो चढलाच नाही त्याचं तिकीट कोण काढणार?

भारमानाचं गणित

एसटीत सगळं भारमानावर येऊन थांबतं. गाडीने जितकी आसनं जितके किलोमीटर नेली, त्यातली किती भरलेली होती याची टक्केवारी म्हणजे भारमान. कुठली फेरी ठेवायची आणि कुठली बंद करायची, याचा पहिला निकष तोच. लांब पल्ल्याला तो रास्त आहे. खेड्याच्या फेरीला तो जन्मतःच अन्याय करतो, आणि त्यात कुणाची लबाडी नाही, ते सकाळ-संध्याकाळचं गणित आहे.

समजा, तालुक्यापासून २० किलोमीटरवर एक गाव आहे. सकाळी सातच्या गाडीत सगळी ४४ आसनं भरली. शाळा, दवाखाना, दूध, बाजार, सगळं तालुक्याच्या दिशेला. परतीला त्याच गाडीत ६ माणसं. सकाळी आठ वाजता तालुक्यातून गावाकडे जाणार कोण? शिक्षक आणि ग्रामसेवक. ८८ आसनांत ५० माणसं, भारमान ५७ टक्के. म्हणजे एका बाजूला एकही जागा रिकामी नसताना, इतकी चांगली फेरीसुद्धा कागदावर निम्म्याहून थोडी वर. दुपारची फेरी तर विचारूच नका. मग कधी गाड्या कमी पडल्या की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. दुपारची गाडी गेली की दवाखान्यात गेलेल्या माणसाला परतीची सोय उरत नाही, म्हणून तो सकाळी जातानाच वडापने जातो. सकाळचंही भारमान उतरतं. वर्षभराने ती फेरीही बंद करायला कागद तयार असतो.

जुन्या माणसांनी यावर एक उपाय काढला होता, त्याला आपण कधी तंत्रज्ञान म्हणत नाही: मुक्कामी गाडी. रात्री शेवटची माणसं घेऊन गाडी गावात येते, देवळापुढे उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि सकाळी भरून निघते. सकाळी रिकामी गाडी तालुक्यातून आणायचे २० किलोमीटर वाचतात. भारमान वाढतं, डिझेल वाचतं, आणि पहाटे कुणाला दवाखान्यात न्यायचं तर गाडी दारात असते. त्या बदल्यात गावाने काय द्यायचं? अंग टाकायला जागा, पाणी, संडास. एवढं देणं कित्येक गावांना जमलेलं नाही. त्यात आता गाड्यांवर महिला कंडक्टर मोठ्या संख्येने आहेत. त्यांना देवळाच्या ओसरीवर मुक्काम करा असं सांगता येत नाही, सांगूही नये. ग्रामपंचायतीने कडी लागणारी एक खोली बांधली तर मुक्कामी गाडी टिकेल. लाखो रुपयांच्या ॲपपेक्षा ही खोली स्वस्त आहे.

आता विजेच्या गाड्या येत आहेत. १ जून २०२२ ला त्याच पुणे-नगर मार्गावर 'शिवाई' सुरू झाली, पुढे ५,१५० विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार झाला आणि पुरवठा रखडला. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. माझी शंका वेगळी आहे. विजेच्या गाडीला रात्री चार्जरपाशी यावं लागतं, आणि चार्जर आगारात असतो. भाड्याच्या गाडीचे पैसे किलोमीटरवर मोजले जातात, महिन्याचे ठराविक किलोमीटर भरले पाहिजेत. दोन्ही गोष्टी गाडीला हमरस्त्याकडे ओढतात. वीस किलोमीटरवरच्या गावात दहा तास उभी राहणारी गाडी या हिशेबात बसवायची कशी, याचं उत्तर करार करतानाच लिहावं लागेल.

निळ्या गाडीने काय वेगळं केलं

भारमानाच्या बाहेर राहून चाललेला एक प्रयोग महाराष्ट्रात आहे आणि त्याचं म्हणावं तेवढं कौतुक झालं नाही. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या. मानव विकासात मागे असलेल्या १२५ तालुक्यांत, तालुक्याला आधी ५ आणि नंतर ७ गाड्या, गावातून शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी. गाडी एसटी चालवते, पैसे मानव विकास मिशन देतं.

यात कुठलंही नवं यंत्र नाही. बदललाय तो फक्त प्रश्न. साध्या फेरीला विचारतात, 'किती भरली?' निळ्या गाडीला विचारायचं असतं, 'शाळेची घंटा व्हायच्या आत पोचली का?' कारण तिचे पैसे तिकिटावर येत नाहीत, ती चालली म्हणून येतात. सवलतीच्या योजनेत सरकार माणसाचं तिकीट विकत घेतं. निळ्या गाडीत सरकार फेरी विकत घेतं. पहिल्याने आहे त्या गाडीतली गर्दी वाढते, दुसऱ्याने गाडी वाढते. खेड्याला दोन्ही लागतं, पण आधी दुसरं. अर्ध्या तिकिटाला निधी देताना त्यातला काही हिस्सा कमी भारमानाच्या फेऱ्यांसाठी बांधून दिला असता, तर फाट्यावरच्या त्या अकरापैकी निम्म्या तरी घरी वेळेवर पोचल्या असत्या, असं मला वाटतं.

गाडी कुठवर आली हे दाखवणारी यंत्रणा एसटीने २०१९ मध्ये नाशिकपासून बसवायला घेतली, आणि आता 'आपली एसटी' नावाचं ॲपही आहे. फाट्यावर उन्हात उभ्या असलेल्या बाईला गाडी अजून वीस मिनिटं लांब आहे हे कळलं, तर ती तेवढा वेळ घरच्या सावलीत बसेल. हा फायदा छोटा नाही. पण त्याच फोनवर उलट दिशेनेही काही जायला हवं. 'इथे पाच जणी उभ्या आहेत', एवढं एक बटण. नाहीतर कंडक्टरच्या मशीनवर 'जागा नाही म्हणून किती सोडले' असा एक रकाना. फाटा ओलांडताना खिडकीतून नजरेने मोजून दाबायचा. आकडा अचूक नसला तरी चालेल, आज तो शून्य धरला जातो त्यापेक्षा बरा. महिन्याभराने आगारप्रमुखाच्या टेबलावर भारमानाच्या शेजारी तो दुसरा आकडाही पडेल, आणि कात्री कुठे लावायची याचा विचार करताना हात थोडा थबकेल.

साडेपाचची गाडी शेवटच्या गावात पोचायला सव्वासात होतात. ती बाई सासऱ्यांना हाताला धरून उतरवते. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "गाडी आली" एवढा मेसेज कंडक्टरच टाकतो. उद्या सकाळी किती वाजता निघणार हेही तोच लिहितो, कारण सकाळी दुधाच्या किटल्या त्या हिशेबाने भरतात. मग तो बाकावर बसून फेरी बंद करतो. मशीनमधून हातभर कागद निघतो: पूर्ण इतकी, अर्धी इतकी, शून्याची इतकी, रोख इतकी, यूपीआय इतकी. तो फाडतो, घडी घालून पाकिटात ठेवतो. ड्रायव्हर देवळाच्या नळावर तोंड धुतोय. "मधल्या फाट्यावर किती होती रे?" तो ओल्या तोंडाने विचारतो. "सात-आठ," कंडक्टर म्हणतो आणि डबा उघडतो.